जळालेल्या नळीचे रंग

मी मुळात रागीट माणूस. लष्करातून परतल्यावर दुसरबीडला रस्त्याकडेला पाट्या रंगवायला बसलो. गिऱ्हाइकाने अक्षर जाड करा, अक्षर बारीक करा असं डोकं खाल्लं की मी पाटी अर्धवट टाकून देई. त्यामुळे गावात माझ्याशी फारसं कुणी बोलत नसे. लग्नही झालं नाही. आठवड्यातून एकच दिवस माणसांत गेल्यासारखं वाटे, रविवार. त्या दिवशी मी अन्नपूर्णामावशीकडे जेवायला जाई.

तिचा मुलगा भाऊराव पासष्टच्या लढाईत माझ्याबरोबर होता. ब्रेनगन, म्हणजे हलकी मशीनगन, मी चालवायचो आणि तो दोन नंबरचा माणूस. गोळ्यांची मॅगझिन द्यायची, दहा झाली की तापलेली नळी काढून थंड नळी चढवायची, हे त्याचं काम. तो तिथेच गेला. गोळी लागली, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लगेच डोळे मिटले, असं मी मावशीला सांगितलं होतं. तीन वर्षं मी त्या खोट्यावर जेवत होतो.

यंदा तिने भाऊरावच्या फोटोशेजारी ठेवायला त्याची बंदूक मागितली, लाकडाची, वीतभर. मी सागवानातून कोरली, काळीभोर रंगवली, वर पेन्सिलीच्या शिशाची पूड घासून लोखंडाची चमक आणली. स्वतःवरच खूश होतो. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

"हे तं दुकानातली दिसते, पुंजा. माह्या पोरानं चालवलेली पाह्यजे मले."

त्याचं काम तिला पाठ होतं. रजेवर आला होता तेव्हा त्याने चुलीजवळची फुंकणी घेऊन नळी कशी बदलायची ते तिला करून दाखवलं होतं.

मी घरी येऊन चिडूनच पुन्हा ब्रश घेतला. तापलेल्या लोखंडाचे रंग एकदा पाहिले की विसरत नाहीत. तोंडाकडे वाळल्या कडब्यासारखा पिवळा, मागे येता येता तपकिरी, मग वांग्याच्या सालीचा जांभळा, मग निळा, आणि सगळ्यात जास्त तापते तिथे नुसता मेलेला राखाडी. एक रंग कुठे संपला ते कळता कामा नये. म्हणून ब्रश जवळजवळ कोरडा ठेवायचा आणि बोटाने पुसत जायचं.

काम संपत आलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दोन नंबरचा माणूस धडधाकट असता तर नळी इतकी जळालीच नसती. मी टर्पेंटाइनचा बोळा हातात घेतला. पुसलं असतं तर माझा रविवार शाबूत राहिला असता. पण इतकं खरं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं, आणि त्या खोट्याचा मला वीट आला होता. पुसलं नाही.

रविवारी मावशीने बंदूक दारातल्या उजेडात धरली. बराच वेळ नळीवरून बोट फिरवलं.

"नळी बदलली नाही काऊन?"

"भाऊराव पडला होता, मावशी."

"मंग किती वेळ चालवली तू?"

"अर्धा तास असंन."

"मंग तुह्या मांडीवर कवा होता तो?"

"नव्हता," मी म्हणालो. "समोरून येऊन राह्यले होते. मले बंदूक सोडता येत नव्हती. तो मांगं पडून होता. नळी बदल, नळी बदल, म्हनत होता. मंग आवाज बंद झाला."

"वळून पाह्यलं?"

"नाही."

"एकदाबी?"

"नाही, मावशी."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. राग मला समजतो. तिने बंदूक फोटोशेजारी नीट ठेवली, पदराने काच पुसली, आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "मले वाटे, जातानी त्याच्याजवळ कोनीतरी होतं."

मी जयभीम म्हणून निघालो. त्याच्यापासून मी दोन हातांवर होतो. पण हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?