सगळं जग बंद असलेला दिवस

आज जगात कुठे सण आहे, हे माझ्या नवऱ्याला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. स्वतःच्या घरातल्या सणाची मात्र त्याला आठवण करून द्यावी लागते.

प्रफुल भद्रावतीत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. शेअरचे, सोन्याचांदीचे, तेलाचे, तांब्याचे जगभरचे बाजार कोणत्या दिवशी बंद, कोणता दुपारीच उरकणार, कोणता सकाळी बंद राहून संध्याकाळी उघडणार, हे गिऱ्हाइकांना वेळेवर कळवायचं. एक बंद असला तरी दुसरा सुरूच असतो. शनिवार-रविवार पुढच्या आठवड्याच्या याद्या करण्यात जातात. म्हणून आमच्याकडे रोज कुठला तरी सण, आणि सुट्टी एकही नाही. चौदा एप्रिलला मुंबईचा तांब्याचा बाजार सकाळभर बंद होता. मी पांढरी साडी नेसून तयार. मिरवणूक गल्लीत शिरली ती नेमकी संध्याकाळी, बाजार उघडायच्या वेळेला, आणि आमच्या साहेबांनी खिडकीतून नुसता हात हलवला. मी मूठभर निळा गुलाल त्या खिडकीवरच फेकला.

मग मी एकटीच ते परके सण करायला लागले. जपानात समुद्राचा दिवस असतो, त्या दिवशी टोकियोचा बाजार बंद. मी तलावावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसले. जाळं झटकत चैतूभाऊ ढिवर आला.

"काऊन बाई, का पाहून राह्यल्या?"

"आज जपानात समुद्राचा सण हाय, भाऊ."

त्याने जाळं खाली ठेवून पाण्याकडे पाहिलं. "मंग आपल्या तलावाचा कवा असते?"

 जपानच्याच डोंगराच्या दिवशी मी खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्याकडे पाहत अंगणात बसले. आमच्याकडे डोंगर तेवढाच. दुपारी डोळा लागला की टोकियो दिसायचं. दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर खाटा टाकलेल्या, बायका उन्हात वड्या वाळत घालतायत, आणि कुठल्याही घरात कुणी खुर्चीवर बसलेलं नाही. पुरुष चक्क बायकोशी बोलतायत. जाग आली की आतून प्रफुलच्या बोटांचा टकटक आवाज यायचा आणि मला फार एकटं वाटायचं.

यंदा मला नर्सची नेमणूक मिळाली, तीही भामरागडला. जून लागताच रुजू व्हायचं होतं. एकदा नद्या चढल्या की रस्ता बंद. दिवाळीपर्यंत येणं जमेल की नाही, कुणी सांगावं. जाण्याआधी मला एकच गोष्ट हवी होती, नवऱ्याबरोबर अख्खा एक दिवस. दोघांनी चालत विजासनच्या लेण्यांपर्यंत जायचं. लेणी आमच्याच गावात, पण लग्न झाल्यापासून आम्ही जोडीने एकदाही तिथे गेलो नव्हतो.

"जाऊ ना," प्रफुल म्हणाला. "सगळं बंद असन असा एक दिवस पाहून राह्यलो तुह्यासाठी."

आणि तो खरोखर शोधत होता. जेवताना सुद्धा. मेचा शेवटचा सोमवार त्याला सापडला तेव्हा तो मुलासारखा उजळला: लंडन बंद, न्यूयॉर्कही बंद. मग चेहरा पडला. टोकियो सुरू होतं, मुंबईही. पुढचे महिने पाहिले, तर नाताळात शांघाय सुरू. एक जानेवारीला सगळीकडे सामसूम, तर आपली मुंबई सकाळपासून हजर. मला त्याच्यावर चिडताही येईना. माझ्यासाठी सगळ्या जगाला टाळं लावायला निघालेला माणूस तो.

शेवटी मीच विचारलं, "समजा सापडला असा दिवस. सगळं जग बंद. त्या दिवशी तुमाले काम किती राहीन?"

तो सवयीने विचार करायला लागला. सगळ्या गिऱ्हाइकांना, सगळ्या बाजारांचं, एकाच दिवशी कळवायचं. त्याचा घास हातातच राहिला.

"सगळ्यात जास्त," तो म्हणाला.

"मंग रजा मागतली काय कधी?"

"नाई."

"काऊन?"

"बाजार सुरू असताना कशी मागाव?"

माझं डोकंच फिरलं. मी फोन उचलून त्याच्या हातात कोंबला. त्याने पुण्याच्या साहेबांना चार ओळी लिहिल्या, दोनदा खोडल्या, शेवटी पाठवल्या. मी चहा ठेवला. चहाला उकळी यायच्या आत उत्तर आलं: घ्या की, त्यात विचारायचं काय?

प्रफुल हसत स्वयंपाकघरात आला. मी ओट्याकडे तोंड करून रडत होते. रजा नाही मिळाली असती तर इतकी रडले नसते.

आम्ही गेलो तो साधा बुधवार होता. जगातले सगळे बाजार सुरू होते. लेण्याच्या आत अंधार आणि गारवा, टोकाला बुद्धाची मूर्ती. वंदना करून आम्ही तिथेच बसलो. प्रफुलने खिशात फोन चाचपला नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि मला त्याचा राग येत होता आणि तो फार आवडतही होता.

"इतकं सोपं होतं काय, रिना?"

"होतं."

 तो माझा हात धरून म्हणाला, "उद्याची पण मागतो."

मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. जरा वेळाने त्यालाच आठवलं. उद्या सकाळी माझी भामरागडची बस होती.