नऊ फुटांचा बोळ

ओव्हरसियरने फितीचं टोक केरूच्या हातात दिलं आणि म्हणाला, “मागे मागे जा. मी सांगेपर्यंत थांबू नकोस.”

केरू हसतच मागे सरकत गेला. अर्ज त्याचाच होता. दिवसभर तांबट आळीतल्या कारखान्यात घागरी ठोकायच्या आणि दिवेलागणीला दारोदार हिंडून लोकांचे अंगठे घ्यायचे, असे तीन महिने त्याने काढले होते. तालमीसमोरच्या बोळाला वस्ताद बद्रुद्दीन यांचं नाव द्यावं, एवढंच मागणं. आज नगरपालिकेच्या कचेरीचा माणूस मोजणीला आला, म्हणजे काम फत्ते झालं असंच त्याने धरलं. पाठ तालमीच्या दाराला लागली तेव्हा तो थांबला.

“थांबलास का? आत चल.”

“आत तालीम आहे, साहेब.”

“ठाऊक आहे मला.”

फीत दारातून आत गेली. तिच्यामागून ओव्हरसियर आला आणि बुटांसकट कुस्तीच्या हौद्यात उतरला. चाळीस वर्षांत त्या तांबड्या मातीला कुणाची वहाण लागली नव्हती. साहेबाने हौद्याच्या मधोमध एक लाकडी खुंटी ठोकली.

“रस्ता इथवर येणार.”

“कसला रस्ता?”

“तुम्हीच मागितलाय की. कमिटी बोळाला नाव देत नाही, रस्त्याला देते. रस्ता म्हटला की अठरा फूट. तुमचा बोळ भरतोय नऊ. पलीकडे शाळेची इमारत, ती काही हलायची नाही. आणि तालमीची जागा पहिल्यापासून कचेरीचीच आहे. आजवर कुणी मोजली नव्हती, एवढंच.”

नाव नको, अर्ज फाडून टाका, असं काहीबाही केरू बोलत सुटला. ओव्हरसियर तसा वाईट माणूस नव्हता. फीत गुंडाळता गुंडाळता त्याने नीट समजावून सांगितलं. ठराव झाला, आता अर्जदाराचं काही चालत नाही. ज्याचं नाव द्यायचं त्याने स्वतः लिहून दिलं की मला हा मान नको, तरच कागद बंद होतो. सोमवारी दुपारी बाराच्या आत. मंगळवारी मजूर येतील.

वस्ताद त्या दिवशी एका शागिर्दाच्या घरच्या लग्नाला देवळाली कॅम्पात गेले होते. ते यायच्या आत खुंटी काढून टाकावी, असं केरूच्या मनात आलं. पण सरकारी खुंटी उपटायची त्याची छाती झाली नाही. त्याने तिच्यावर माती लोटली आणि घरी जाऊन न जेवता पडून राहिला.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. रोज पहाटे तो तालमीत जायचा, वस्तादांच्या पाया पडायचा, आता सांगतो, मग सांगतो म्हणत जोर काढायचा आणि तसाच परत यायचा. मूर्खपणा करून बसलो हे त्याला कळत होतं. तो कबूल करायला मात्र तोंड उघडत नव्हतं. शेवटी रविवारी दुपारी त्याने अर्जनविसाकडून नकाराचा कागद लिहून घेतला आणि तालमीच्या मागच्या दोन खोल्यांत वस्तादांच्या घरी गेला.

दारात जैतुनबी मांडीवर पिवळाधमक रेशमी साफा पसरून त्याच्या काठाला टीप घालत होत्या.

“ये केरू. बघ, कसा आहे? नाव लागेल त्या दिवशी बांधणार म्हणतात. लग्नातसुद्धा जुनाच बांधला होता.”

“चांगला आहे, चाची.”

“रोज सकाळी बोळाच्या तोंडाशी जाऊन उभे राहतात. पाटी कुठं लागेल ते बघतात. मी विचारलं तर म्हणतात, हवा खायला गेलो होतो.” त्या हसल्या आणि दातांनी दोरा तोडला. “सटाण्याच्या जत्रेत यांच्या शागिर्दाने, खंडेरावाने, कुस्ती मारली तेव्हा पेपरात काय आलं होतं, आठवतंय? खंडेरावाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गावाचं नाव. यांचं कुठंच नाही. तो कागद तीनदा वाचून घेतला माझ्या भावाकडून, आणि मग चुलीत घातला. तू हे केलंस ना केरू, अल्ला तुला सुखी ठेवो.”

केरूने खिशातल्या कागदावर हात दाबून धरला. त्या क्षणी गोदावरीत उडी घ्यावी असं त्याला वाटलं, अगदी खरोखर वाटलं.

वस्ताद तालमीत एकटेच होते. बासष्ट वर्षांचा माणूस, पण पाठ अजून ताठ. ते मातीत ताक आणि हळद कालवून फावड्याने खालीवर करत होते. कोनाड्यातल्या मारुतीपुढे दिवा तेवत होता. केरू हौद्याच्या काठाशी उभा राहिला आणि त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. नऊ फूट, अठरा फूट, सोमवार, मंगळवार. कागद पुढे धरला.

वस्तादांनी फावडं भिंतीला लावलं. मग कोनाड्यात, मारुतीच्या मागे हात घालून त्यांनी ती लाकडी खुंटी काढली आणि काठावर ठेवली.

“शुक्रवारीच फावड्याला लागली. बाहेर जाऊन शाळेच्या शिपायाला विचारलं. त्याने साहेबाचं बोलणं ऐकलं होतं, सगळं सांगितलं.”

“मग तुम्ही बोलला का नाही, वस्ताद?”

वस्ताद बोटांना लागलेली हळद धोतराला पुसत राहिले.

“तू बोलत नव्हतास ना. म्हटलं, हा नाही बोलला तर मंगळवार उजाडेल. मजूर येतील. माझा काही दोष राहणार नाही.” त्यांनी केरूकडे पाहिलं. “मला पाहिजे होतं रे ते नाव. लाज वाटते सांगायला. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पोरं घडवली, आता मेल्यावर कोण म्हणणार बद्रुद्दीन म्हणून कुणी होता?”

“माझंच चुकलं.”

“तुझं चुकलं हे खरंच आहे. पण आता काय?”

“अंगठा द्या. उद्या सकाळी नेऊन देतो.”

“ते नाव माझ्या हाताने नाही सोडवणार मला.” वस्तादांनी सदरा काढून खुंटाळ्याला अडकवला. “उतर खाली. माझी पाठ मातीला लाव आणि घेऊन जा अंगठा.”

केरू मागे सरकला. शागिर्दाने वस्तादाशी खडाखडी करावी, मेहनत करावी. पाठ लावायची नसते. ज्याने वस्तादाची पाठ लावली, तो त्या हौद्याचा वस्ताद, आणि जुना वस्ताद मग तिथे पुन्हा पाय ठेवत नाही. ही या तालमीची रीत होती आणि ती केरूला पहिल्या दिवशी खुद्द वस्तादांनीच सांगितली होती.

“दुसरं काहीही सांगा.”

“दुसरं काही नाही. एक तर नाव राहील, नाहीतर माती. तू कशासाठी आलायस?”

केरूने कपडे उतरवले. माती कपाळाला लावताना तो लहान पोरासारखा रडत होता आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती. सलामी झाली.

म्हातारा ढिला सोडेल अशी त्याची समजूत होती. वस्तादांनी पहिल्याच झटक्यात पट काढून त्याला तोंडावर पाडलं. दुसऱ्यांदा ढाक मारली, केरू कसाबसा पोटावर वळला. त्यांना खरंच जिंकायचं होतं. तेव्हा कुठे केरूला कळलं की हा माणूस नावासाठी लढतोय. मग वस्तादांचा श्वास फुलला. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. केरूने त्यांना खाली घेतलं, पण पाठ फिरेना.

वस्तादांचा डावा खांदा एकदा निखळलेला होता. दुखरी जागा दिसली की तिथेच हात घाल, दया घरी जाऊन करायची, हे त्यांनीच शिकवलं होतं. केरूने तिथे हात घातला. वस्तादांच्या तोंडून बारीक आवाज निघाला आणि पाठ मातीला लागली.

“लागली?” त्यांनी पडल्या पडल्याच विचारलं.

“लागली.”

“मग ऊठ वरून.”

त्यांनी उठून हात धुतले, दिव्याची काजळी अंगठ्याला चोळली आणि कागदावर ठसा उमटवला. कागद केरूला दिला. सदरा घातला, वहाणा घातल्या आणि घरी गेले.

सोमवारी अकरा वाजता केरूने कागद दिला. ओव्हरसियरने तो वाचून दोऱ्याच्या फाइलीत लावला. “बरं,” म्हणाला, आणि दुसऱ्या कामाला लागला.

मंगळवारी मजूर आले नाहीत. पहाटे केरू हौद्यात माती उकरत होता. पोरं रोजच्यासारखी आली. दारात वस्ताद उभे होते, उंबऱ्याच्या बाहेर, पायात वहाणा, डोक्याला पिवळा साफा. पोरं पाया पडायला वाकली तसे ते दोन पावलं मागे सरले.

“माझ्या नाही. आत आहे त्याच्या.”

पोरं एकमेकांकडे बघत आत आली. सगळ्यांत मोठा मंगळू, केरूच्याच आळीतला. तो काठाशी वाकला आणि त्याचा हात पुढे आला. केरूच्या हातातलं फावडं खाली पडलं. पाय मागे घ्यावेत, पळत जाऊन म्हाताऱ्याला मिठी मारावी, असं त्याला फार वाटलं. त्याने दाराकडे पाहिलं. वस्ताद त्याच्या पायांकडेच बघत होते.

केरूने पाय हलवले नाहीत.

तेवढं पाहून वस्तादांनी साफा नीट केला आणि ते बोळातून चालू लागले.