बाळ अजून जेवतोय

नाक दाबायला तिसरा हात असता तर म्हाताऱ्याचं काम सोपं झालं असतं. एका हातानं त्यानं बाळाची मान खाली ओढून धरली होती आणि दुसऱ्या हातातली काळपट, चिकट चिंधी तो त्याच्या कानांमागे घसाघसा चोळत होता. बाळ म्हणजे सात फुटी उंट. आई मेल्यावर म्हाताऱ्यानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं, तेव्हा पडलेलं नाव म्हातारपणीही सुटलं नव्हतं. चिंधीचा वास कोसावर जाईल असा होता, तरी बाळ शहाण्यासारखा मान वाकवून उभा राहिला आणि चारा चघळत राहिला.

"अहो, हे काय चाललंय?"

बायको दुधाच्या बादल्या घेऊन कुंपणाशी उभी होती. म्हाताऱ्यानं चिंधी पाठीमागे लपवली. लपवून काय उपयोग, वास काय लपतो?

"काही नाही. जरा पुसत होतो."

"पुसताय की माखताय?" तिनं बादल्या खाली ठेवल्या. "त्या नवरदेवाचा घाम आहे ना हा? आणि घरात रोज कुबट वास येतो तो मी पांघरुणाचा समजत होते."

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. नवरदेव म्हणजे शेजारच्या आवारातला तरणा नर, यंदाच आणलेला. थंडी पडली की नर उंटाला मस्ती चढते. डोक्यामागून डांबरासारखा घाम गळतो, दात करकर वाजतात, टाळूचा लाल फुगा तोंडाबाहेर लोंबतो, स्वतःचंच मूत तो शेपटीनं पाठीवर उडवून घेतो. खाणं सुटतं, बरगड्या दिसायला लागतात, आणि ज्यानं वाढवलं त्यालाही तो जवळ येऊ देत नाही. उन्हाळा लागला की पुन्हा गरीब गाय. नवरदेवानं पहिल्या गारठ्यालाच हा सगळा थाट मांडला होता. बाळानं मात्र काहीच केलं नव्हतं. तो जेवत होता.

दुसऱ्या कुणाच्या घरी म्हातारं माणूस पोटभर जेवलं तर लोकांना बरं वाटतं. इथं रोज टोपली रिकामी झाली की म्हातारा धास्तावायचा. हे सगळे उंट ज्यांचे, त्या मालकीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "काका, नर ठेवायचा तो उंटिणी गाभण राहाव्यात म्हणून. बाळ यंदा मस्तीत आला नाही तर व्यापाऱ्याची गाडी बोलवावी लागेल." व्यापारी उंट कुठं नेतो ते कुणी विचारत नसे. परत आलेला एकही उंट कुणी पाहिला नव्हता.

म्हणून म्हाताऱ्यानं ही युक्ती काढली होती. काठीला चिंधी बांधायची, कुंपणावरून नवरदेवाच्या डोक्यामागे फिरवायची आणि ती आणून बाळाला लावायची. थंडी सुरू झाल्यापासून एक दिवस चुकवला नव्हता.

"उंटावरचा शहाणा म्हणतात तो तुम्हीच," बायको म्हणाली. "वास उसना आणलात. भूक कशी घालवणार?"

इथंच तर घोडं पेंड खात होतं. म्हाताऱ्याचे खांदे असे उतरले की तिला राग धरवेना. बाळाच्या बाटल्या तिनंही धुतल्या होत्या.

"बाईसाहेब उद्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन बाळाला बघायला यायच्यात ना?" ती म्हणाली. "मग सकाळीच त्याला तट्ट जेवू घाला. पोट भरलं की चाऱ्यावरून तोंड फिरवेल."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं संसार केला, पण बाई एवढी लबाड आहे हे त्याला आजच कळलं.

दुसऱ्या दिवशी बाळाला दोन टोपल्या चारल्या. त्यानं तिसरी हुंगून सोडली तेव्हा दोघांना हायसं वाटलं. मग मालकीणबाई आल्या, बरोबर डॉक्टरीणबाई. मालकीणबाईंनी मूठभर हिरवा चारा उचलून बाळापुढे धरला. बाळानं त्यांच्याकडे पाहिलं, चाऱ्याकडे पाहिलं आणि मालकिणीचा मान मोडायला नको म्हणून की काय, सगळा चारा हळूच ओठांनी उचलून खाल्ला. बायकोनं कपाळाला हात लावला.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला बसवून घेतलं. कानांमागे बोट फिरवलं, वास घेतला, कातडी चाचपली. मग मागे जाऊन अंड तपासलं.

"उन्हाळ्यात असतं तेवढंच आहे अजून," त्या म्हणाल्या. "घाम गळतो ती मानेवरची गाठही सुजलेली नाही. मग हा घाम कुणाचा, काका?"

चोराच्या मनात चांदणं. म्हातारा आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"नवरदेवाचा," बायकोच बोलली. "रोज लावतात. त्याला नेऊ नये म्हणून."

मालकीणबाईंना हसू आलं, पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुसले.

"काका, दोन नर शेजारी असले की दांडगा असतो तो मस्तीत येतो आणि दुसरा दबून जातो. अंगात रग असली तरी वर येत नाही. कुंपणापलीकडचा नवरदेव बाळानं कदाचित निभावून नेला असता. पण तुम्ही त्याचा वास रोज बाळाच्या डोक्यावरच नेऊन ठेवलात."

"म्हणजे मीच?"

"वयही असेल. नक्की नाही सांगता येणार. पण तुम्ही मदत नाही केलीत त्याला."

म्हाताऱ्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही. मालकीणबाई मघाशी हसल्या होत्या, त्यांनी आता मान वळवली.

"गाडी मी सांगून ठेवलीय काका. येत्या बाजाराला येईल."

"तोवर राहू द्या," तो म्हणाला. "नाहीच जमलं तर मी माझ्या हातानं गाडीत चढवीन. दुसऱ्याला हात लावू देऊ नका."

नवरदेवाला त्याच दिवशी पार दुसऱ्या टोकाला, त्याचा वास बाळापर्यंत येणार नाही अशा बाजूला हलवलं. संध्याकाळी बायकोनं पाणी तापवून आणलं. ती ओतत होती, म्हातारा साबण चोळत होता. काळं पाणी बाळाच्या मानेवरून ओघळत होतं.

"चुकलं रे माझं," म्हातारा पुन्हा पुन्हा म्हणत होता. "करायला गेलो एक."

बाळानं हनुवटी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि डोळे मिटले.

त्यानंतर घरात रोज एकच बोलणं. "जेवला?" "जेवला." आजारी माणसाची बातमी सांगावी तसा तो सांगायचा, आणि स्वतःच्या ताटातलं अर्धं टाकून उठायचा. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी टोपलीत थोडा चारा उरला. ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. उद्या जायचंय हे बाळाला कळलं असेल, असंच त्याला वाटलं.

गाडी सकाळी फाटकाशी येऊन थांबली. चालकानं मागची फळी पाडली. म्हाताऱ्यानं बाळाची मऊ दोरी निवडून घेतली, दुसऱ्या हातात हिरवा चारा घेतला आणि तो आवारात शिरला. मालकीणबाई आणि बायको बाहेरच थांबल्या.

"बाळा, चल."

बाळ कोपऱ्यात पाठमोरा उभा होता. एरवी हाकेसरशी येणारा, जागचा हलला नाही. म्हातारा आणखी जवळ गेला. आतून घुळघुळ असा आवाज आला, भरल्या घागरीतून हवा सुटावी तसा. बाळ वळला तेव्हा त्याच्या तोंडाच्या कडेला लाल फुगा लोंबत होता आणि ओठांवर फेस होता. चाऱ्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. तो सरळ म्हाताऱ्याच्या अंगावर धावून आला.

या वयात कुंपण कसं ओलांडलं ते म्हाताऱ्याला पुढे कधी सांगता आलं नाही. कोटाची एक बाही बाळाच्या दातांत राहिली. बायको धावत आली, तिनं त्याचा दंड उलटसुलट करून पाहिला. खरचटलं होतं, तेवढंच.

"ओळखलं नाही गं त्यानं मला," म्हातारा म्हणत होता. दम लागला होता, गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. "बाईसाहेब, बघितलंत ना? अजिबात ओळखलं नाही."

मालकीणबाई फाटकाकडे गेल्या. थोड्या वेळानं गाडीची फळी वर चढवल्याचा आवाज आला.

बायकोनं ओल्या फडक्यानं त्याचा दंड पुसायला घेतला. आत बाळ बाही पायाखाली तुडवत होता.

"आता उन्हाळ्यापर्यंत नाही ओळखायचा तो तुम्हाला," ती म्हणाली.

"नाही ना," म्हातारा म्हणाला. "पण उन्हाळ्यापर्यंत आहे."