व्हर्लिनची अडगळ

तळघरात मघापासून कसलाच आवाज नव्हता. मग एकदम, कुणी दातांतून हवा सोडावी तसं बारीक काहीतरी फिस्सलं.

ब्रिताचा पाना हातातच राहिला. तिने कान दिला.

"साप?" जूनीने मोठ्या आशेने विचारलं. ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली होती.

"साप नव्हे गं, गॅस. तो साबणाचा वाडगा दे इकडे."

मायलेकींनी जुन्या ब्रशने बिअरच्या रिकाम्या पिंपाला साबणाचं पाणी फासलं. नळीच्या जोडावर काही नाही. झाकणाच्या कडेला मात्र एक फुगा आला, पाठोपाठ दुसरा, आणि मग फेसाची रांगच लागली. जूनी टाळ्या पिटू लागली. ब्रिताने गॅस बंद केला, नळी उपसली, झाकण काढून पुन्हा बसवलं आणि वरच्या छताकडे पाहिलं. वर तिच्या नवऱ्याची, गॅरिटची खुर्ची होती. खुर्ची हलली नाही.

कागद गिरणीतल्या रुळाने सप्टेंबरात त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. जखम भरली, पण त्याला घरी केलेल्या बिअरच्या बाटल्यांना बूच ठोकणं जमेना. त्या यंत्राला दोन हात लागतात. एकदाच त्याने करून पाहिलं, बाटली फुटली, आणि दुसऱ्या दिवशी ते यंत्र कचऱ्याच्या डब्याशेजारी रस्त्यावर गेलं. शेजाऱ्यांनी पाठवलेली जेवणाची भांडी तो झाकण न उघडता परत करी. "मला कुणाची दया नको," एवढंच म्हणे.

म्हणूनच मागच्या रविवारी, गॅरिटसोबत बिअर करणाऱ्या म्हाताऱ्या व्हर्लिनची गाडी दारात थांबली तेव्हा ब्रिताने आधी गॅरिटकडे पाहिलं होतं. पत्र्याची दोन उंच पिंपं, गॅसची टाकी, नळ्या, नळ, असं सगळं म्हाताऱ्याने धापा टाकत बर्फावर उतरवलं. पिंपात बिअर भरली की बूच ठोकायला नको; गॅसच्या दाबाने ती नळातून येते, आणि नळाला एक हात पुरतो. शिवाय झाकण लावलेली एक बादली. बिअर करणाऱ्यांच्या मंडळाने थंडीत एकत्र बिअरसाठी धान्याचा गोड काढा उकळला होता. ज्याने त्याने आपला वाटा घरी नेऊन आपापलं खमीर घालायचं, अशी त्यांची रीत. ती बादली म्हणजे गॅरिटचा वाटा. खमीर व्हर्लिनने स्वतःच्या घरी घातलं होतं आणि बिअर तयारही झाली होती.

"वाटा माझा आहे, तो ठेव," गॅरिट दारातूनच म्हणाला. हात खिशात. "बाकीचं माझ्यासाठी मुद्दाम आणलं असशील तर उचल."

"मुद्दाम? तुझ्यासाठी?" व्हर्लिन बर्फात पचकन थुंकला. "अरे, अडगळ आहे ती. गॅरेजात धूळ खात पडली होती. नको तर भंगारात दे, पण तू नेऊन दे. माझी पाठ गेलीय."

गॅरिटने त्या पिंपांवरून नजर फिरवली. "अडगळ असेल तर असू दे," म्हणाला आणि आत गेला. त्यानंतर तो तळघरात फिरकला नव्हता. बादलीतली बिअर मात्र थांबणार नव्हती; आणखी आठवडाभर तशीच राहिली तर आंबून जाईल, असं व्हर्लिनने फोनवर दोनदा बजावलं होतं. शेवटी ब्रिताने आज, जूनीला शाळेतून आणल्यावर, बाह्या वर सारल्या.

झाकण बसवून तिने नळी पुन्हा पिंपाच्या डोक्यावरच्या तोटीवर दाबली. दाबता दाबता खट्‌ झालं. तिथंच तिची चूक झाली. पिंपाला तोट्या दोन असतात, एक गॅसची आणि एक बिअरची, आणि दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. गॅसची नळी बिअरच्या तोटीवर जोराने चढवली की चढते, पण उतरत नाही. ब्रिताने ओढली, पिळली, पायाने पिंप दाबून धरून पुन्हा ओढली. मग भिंतीवरची हातोडी घेतली.

पहिला ठोका पडला. दुसरा पडला. वर खुर्ची करकरली.

"हातोडी खाली ठेव!"

गॅरिट जिन्यावर उभा होता. "अगं बाई, पिंप आहे ते, खिळा नाही. कुठल्या तोटीवर लावलीस?"

"या."

"दिसतंय. हिच्या बुडाला खाचा आहेत का? नाहीत ना? खाचा असतील ती गॅसची. हे तुला त्या थेरड्याने सांगितलं नाही?"

"सांगितलं असेल. तो बोलतो तेव्हा निम्मं मिशांतच राहतं."

गॅरिटच्या नाकातून हसू निसटलं. तो खाली येऊन स्टुलावर बसला, पिंप दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलं, आतला दाब सोडला आणि डाव्या हाताने पाना चालवून नळीसकट तोटीच फिरवून काढली. मग उरलेल्या दोन बोटांनी झाकणाचा वायसर चाचपला.

"कोरडा आहे. वंगण कुठाय? आता तू झाकण वर ओढून धर. वर, खाली नाही. मी गॅस सोडतो."

तिने दोन्ही हातांनी झाकण वर ओढलं, त्याने एका हाताने चावी फिरवली. झाकण आतून धप्पकन बसलं. जूनीने साबण फासला आणि नाक टेकवून बघत राहिली. एकही फुगा नाही.

"काय हे, बाबा," ती रुसून म्हणाली, "सगळे फुगे घालवलेस."

त्यानंतर ब्रिता धुण्याच्या कोपऱ्यात गेली आणि घडी केलेलेच टॉवेल पुन्हा उलगडून घडी करत बसली. मागे गॅरिट पोरीला सांगत होता, बिअर नळीतून सावकाश उतरवायची, फेस होऊ द्यायचा नाही. इतकी वाक्यं एका दमात तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. तिने टॉवेलमध्ये तोंड खुपसलं आणि मनातल्या मनात त्या मिशाळ म्हाताऱ्याचे पाय धरले.

आठवड्याने नळ उघडला. पहिला जग नुसता फेस. दुसरा गव्हाच्या ओंबीसारखा पिवळा.

"हा व्हर्लिनचा," गॅरिटने झाकण लावलं. मंडळाचा शिरस्ताच तसा, नव्या पिंपातला पहिला घोट पिंप देणाऱ्याचा. "तुम्ही दोघी द्या नेऊन. त्याने घेतल्याशिवाय मी तोंडाला लावणार नाही. आणि सांग त्याला, त्याची अडगळ त्याच्या हातापेक्षा बरी निघाली."

व्हर्लिन गॅरेजातच होता. निरोप ऐकून खदखदून हसला, पेल्यात थोडी ओतून घेतली, उजेडात धरली. मग डोळे मिटून वास घेतला. बराच वेळ घेतला.

"गॅरिटला सांग, झकास झालीय."

आणि पेला तसाच भरलेला बाकावर ठेवला.

जूनी कोपऱ्यातल्या जुन्या फ्रिजपाशी पोचली होती. फ्रिजच्या दारात मधोमध, बिअरचा नळ बसेल एवढं एक गोल भोक होतं आणि त्यात लोकरीचा मोजा कोंबलेला होता. खाली फरशीवर पिंपांच्या बुडांचे दोन गोल डाग अजून ताजे होते. धुळीचा कुठं मागमूस नव्हता.

"आजोबा, हे भोक कुणी पाडलं?"

"उंदराने."

"लोखंडाला?"

"इथले उंदीर तसलेच आहेत."

तो फ्रिज उघडून जूनीला सफरचंद देत होता तेव्हा ब्रिताला आतलं दिसलं: दुधाची बाटली आणि दारातल्या कप्प्यात ओळीने औषधं. व्हर्लिनने दार लावलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं.

"डॉक्टर म्हणतो, वास घेतला तर चालेल," तो हळूच म्हणाला. "आता जा पोरी. तो तिकडे कोरड्या घशाने बसला असेल."

तिने त्याचा खरबरीत हात दोन्ही हातांत धरला, आणि तो "बास बास" म्हणेपर्यंत सोडला नाही.

घराच्या वळणावर गॅरिट पायरीवर उभा दिसला. अंगात कोट नाही, डाव्या हातात रिकामा पेला, आणि उजवा हात कधी नव्हे तो खिशाबाहेर, त्यांना बघून उंच हलवलेला.

जूनीने सफरचंदाचा घास गिळला.

"आई, बाबांना त्या भोकाचं सांगायचं का?"