गुंडूच्या गळ्यातला पट्टा

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. दुर्गदबैलाच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला जाड चामड्यातून कापून, दुहेरी शिवून तयार केले. काय मजबूत आहे, असे गिऱ्हाईक म्हणायचे आणि मी फुगून जायचो. पण गुंडूच्या गळ्यात पडलो आणि माझा सगळा तोरा उतरला.

गुंडू हा अमरगोळच्या बाजार आवारात सापडलेला तांबडा कुत्रा. देशपांडे नगरातल्या सुधींद्र वकिलांच्या मुलीने, मधुवंतीने, त्याला घरी आणले. इतरांना त्याचे भुंकणे ऐकू येते, मला त्याच्या गळ्याची धडधड लागते. लोखंड वाजले की ती एवढी वाढायची, की मीही भिऊन जायचो. आवारात त्याला कोणी गजाने मारले असावे.

सिलिंडरवाला मारुती फाटकाशी आला, की गुंडू त्याच्या अंगावर धावायचा. वकील हिसका देऊन दोरी ओढायचे. मी गळ्यात रुतायचो, त्याचा श्वास अडकायचा. गुंडूला वाटायचे, हा माणूस आला की आपला गळा आवळतो. म्हणून पुढच्या खेपेला तो दुप्पट चवताळायचा. एकदा तर त्याने मारुतीची पँट फाडली. पुन्हा असे झाले तर याला कलघटगीच्या शेतावर नेऊन जन्मभर साखळीला बांधायचे, असे वकिलांनी बजावले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मधुवंतीला वेगळी रीत शिकवली. दोरी ढिली धरून अंगणाच्या टोकाला उभे राहायचे. मारुतीने सिलिंडरवर हळूच टकटक करायची, की लगेच गुंडूला पनीरचा तुकडा द्यायचा. तो ताठरला तर न रागावता आणखी मागे सरकायचे. मारुती रोज त्याच गल्लीतून जायचा. तो पाच मिनिटे थांबायचा आणि म्हणायचा, "मी हितंच उभारतो अक्का, घाई न्हाई." दोन महिन्यांत गुंडू फाटकाच्या बराच जवळ आला. घरात पनीर आता फक्त कुत्र्यालाच मिळते, अशी वकिलांची तक्रार होती.

परवा मधुवंती कॉलेजात होती आणि दोरी वकिलांच्या हातात होती. मारुतीच्या खांद्यावरून सिलिंडर निसटला आणि दणकन फरशीवर आदळला. गुंडूने झेप घेतली. वकिलांची मूठ आवळली. आता हिसका बसणार, गुंडू चावणार आणि त्याला शेतावर धाडणार, या भीतीने मी गारठून गेलो.

पण हिसका बसलाच नाही. मारुती झटकन फाटकाबाहेर झाला. वकील मधुवंतीसारखी दोरी ढिली धरून खाली बसले आणि त्यांनी गुंडूला हाक मारली. तो वळला, आला आणि त्याने त्यांच्या मांडीत तोंड खुपसले.

"बघ मारुती," वकील म्हणाले. "इतके दिवस मीच भिऊन ओढत होतो."

त्यांनी मला एक भोक सैल केले. गुंडूच्या गळ्याची धडधड तरी बराच वेळ थांबली नाही. ती थांबेपर्यंत वकील फरशीवरच बसून राहिले.

मित्रांनो, तुमचे कुत्रे भुंकले तर आधी ते कशाला भ्याले आहे ते पाहा. त्याला लांब न्या, वेळ द्या. मी आपणहून कधीच कोणाचा गळा आवळला नाही. दोरीचे दुसरे टोक नेहमी तुमच्या हातात असते.