टर्कीच्या पोटातला बर्फ

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुपारी लॉर्नाने अख्ख्या टर्कीच्या पोटात हात घातला. आत बर्फ होता. रविवारपासून फ्रिजमध्ये ठेवलेला पक्षी बाहेरून मऊ पडला होता, पण दुकानदार पोटात भरून देतात तो मानेचा तुकडा आत बर्फात घट्ट रुतून बसला होता.

लग्नानंतर पहिल्यांदाच हे जेवण तिच्या घरी होतं. इतकी वर्षं ते मोठ्या दिराकडे, हार्लनकडे व्हायचं, आणि या वर्षी सासू व्हायडाने ते धाकट्या डेलकडे, म्हणजे लॉर्नाच्या नवऱ्याकडे दिलेलं हार्लनला पचलं नव्हतं. गुडघ्यांनी अधू झालेली व्हायडा सकाळीच येऊन मागच्या खिडकीशी खुर्चीत बसली होती.

लॉर्नाने ओपल मावशीला फोन लावला. मावशीने चर्चच्या जेवणावळींसाठी उभा जन्म टर्क्या भाजल्या होत्या. तिने आधी आपलं नेहमीचं सुरू केलं. पाहुण्यांना वाइन सढळ हाताने द्यावी, म्हणजे जेवणाला किती उशीर झाला हे कुणाला कळत नाही. सारखं ओव्हनचं दार उघडून बघणाऱ्याला बटाटे सोलायला बसवावं. मांस कोरडं झालं तर वर ग्रेव्ही ओतावी, आणि ग्रेव्हीच बिघडली तर दिवे घालवून मेणबत्त्या लावाव्या. लॉर्ना हसत नाही म्हटल्यावर मावशीचा आवाज बदलला.

"अगं, अख्खी भाजायचा हट्ट कशाला? तंगड्या काढ, छाती वेगळी कर. तुकडे पटकन होतात. फक्त अख्खी तळायच्या नादात बर्फासकट उकळत्या तेलात घालू देऊ नकोस कुणाला. घर पेटेल."

फोन ठेवतेय तोच हार्लनचा ट्रक दारात येऊन थांबला. टर्की गोठलेली आहे हे डेलने भावाला आधीच कळवलं होतं. हार्लनने टर्की तळायचं भलंमोठं पातेलं, गॅसची शेगडी, सिलिंडर आणि तेलाचे डबे उतरवले आणि मागच्या लाकडी ओट्यावर, अगदी भिंतीला लागून मांडामांड केली. निदान अंगणात तरी ठेव, असं लॉर्ना म्हणाली. अंगणात बर्फावर शेगडी डगमगते, असं म्हणून त्याने गॅस पेटवला.

तेल तापत आलं तसं त्याने टर्की मागितली.

"आत बर्फ आहे, हार्लन. ही तेलात जाणार नाही."

"डेल, तुझी बायको मला तळायला शिकवतेय बघ."

डेल बुटांनी ओट्यावरचा बर्फ उकरत राहिला. हार्लनच्या टोमण्यापेक्षा लॉर्नाला ते गप्प राहणंच जास्त झोंबलं. तिने मागचं दार लावून घेतलं आणि सुरी काढली. तंगड्या सांध्यातून निघाल्या. पोटातली मान बर्फाच्या गोळ्यासकट उचकटून तिने वाडग्यात टाकली.

एवढ्यात हार्लन पुढच्या दाराने आत आला. त्याने सरळ तो गोळाच उचलला आणि मागच्या दाराकडे वळला.

"एवढ्याशाने काय होतं ते दाखवतो, म्हणजे तुझी भीती जाईल."

त्याच्या मागे धावावं असं तिला क्षणभर वाटलं. मग तिला खिडकी दिसली, आणि खिडकीशी बसलेली व्हायडा. तिने खुर्ची सासूसकट फरफटत मागे ओढली. बाहेर गोळा पडताच तेल फसफसत उसळलं, पातेल्यावरून खाली शेगडीवर सांडलं आणि भडका थेट छपरापर्यंत गेला. खिडकीची काच तडकून व्हायडा बसली होती तिथेच पडली.

हार्लनची बाही पेटली होती. डेलने त्याला ओट्यावरून खाली बर्फात लोटलं, वाकून सिलिंडर बंद केला आणि फावड्याने झाकण सरकवत पातेल्यावर टाकलं. ज्वाळा शमल्या. भिंत काळीठिक्कर पडली होती, कठडा धुमसत होता. डेल त्यावर फावड्याने बर्फ टाकत राहिला.

हार्लन स्वयंपाकघरात नळाखाली हात धरून उभा राहिला. मांस कापायची फळी तिथेच होती, म्हणून लॉर्नाही त्याच्या शेजारीच उरलेली टर्की कापत राहिली.

"तू सांगितलं होतंस," तो म्हणाला.

"हो."

तुकडे ओव्हनमध्ये गेल्यावर ती डेलकडे गेली. तो फुटलेल्या खिडकीला फळी ठोकत होता.

"मघाशी तू बोलायला हवं होतंस, डेल."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तो ओरडला की मी अजूनही दहा वर्षांचा होतो."

त्याला फळी नीट धरता येत नव्हती, म्हणून दुसरं टोक तिने धरलं. राग गेला नव्हता.

जेवण अंधार पडल्यावर झालं. व्हायडाने प्रार्थना म्हटली, ती नेहमीपेक्षा बरीच लांबली. हार्लनच्या उजव्या हाताला पट्टी होती आणि डाव्या हाताने काटा धरायची त्याची धडपड चालली होती. लॉर्नाने त्याचं ताट आपल्याकडे ओढलं, मांसाचे लहान लहान तुकडे केले आणि ताट परत सरकवलं. तो मान खाली घालून जेवू लागला.