चार सडांची शाळा

मी वर्ध्याशेजारच्या बोरगाव मेघेची गुलाब बोलतेय. नाव ऐकून वास घ्यायला पुढे येऊ नका. मी म्हैस आहे. रंग काळा कुळकुळीत, शिंगं मागे पाठीकडे गेलेली, जात नागपुरी. अक्कल नसलेल्याला माणसं खुशाल म्हैस म्हणतात. म्हणू देत. इंग्रजी येणाऱ्यांत माझा नंबर बराच वर लागतो, हे त्या बिचाऱ्यांना कुठे माहीत!

जन्म माझा सिंदीचा, रेल्वेलाइनीच्या कडेला. पहिल्या मालकाला बैलांचं कौतुक, त्यामुळे माझ्या वाट्याला उरलासुरला कडबा यायचा. मग बापूरावानं मला बाजारातून आणलं. त्याच्या बायकोनं, मीराबाईनं, मला ओवाळलं आणि नाव ठेवलं गुलाब. मला ते मुळीच आवडलं नव्हतं, पण तिच्या तोंडून ऐकता ऐकता सवय झाली.

बापूरावाचा धंदा असा की दूध घेऊन फिरायचं नाही, म्हैसच घेऊन फिरायचं. गिऱ्हाइकाच्या दारात, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची, म्हणजे पाणी घातल्याचा संशय नको. माणसाचा माणसावर भरवसा नाही, म्हणून पायपीट म्हशीनं करायची. छप्पन सालच्या दसऱ्याला बापूराव नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन आला. त्याच्या हातचं दूध कितीतरी घरं आधीही घेत नव्हती, नंतरही घेईनात. माझं मत कोणी विचारलं नाही. घेणाऱ्यांत एक निवृत्त दत्तोपंत मास्तर, आणि दुसरा स्टेशनापलीकडचा दवाखाना.

त्याच साली, दसऱ्याआधीच्या पावसाळ्यात, मीराबाई तापानं गेली. तिला परगावच्या दवाखान्यात नेलं होतं. खाटेभोवती सगळे इंग्रजीत बोलत होते आणि उशाशी उभी असलेली तिची मुलगी कांता एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. आई जगते की जाते, हे तिला कोणी तिच्या भाषेत सांगितलंच नाही. घरी आल्यावर कांता गोठ्यात आली, माझ्या मानेला मिठी मारून रडली आणि म्हणाली, "गुलाबे, मी नर्स होईन." मला वाटलं, दुःखात माणसं काहीबाही बोलतात. मी रवंथ करत राहिले.

पण पोरगी हट्टाची. आमच्या गिऱ्हाईक दवाखान्यात नर्सांचा वर्ग निघाला होता. वैशाखात मुलाखत, तीही इंग्रजीत. कांता आठवी झालेली, इंग्रजी नावापुरतं. आणि पुढच्या साली तिचं वय बसणार नव्हतं. एकदाच काय ती संधी.

तिनं आधी दत्तोपंत मास्तरांचा सल्ला घेतला. मास्तर म्हणाले, "घोक! लिही आणि घोक!" त्यांनी स्वतः तरुणपणी अख्खी डिक्शनरी पाठ करायला घेतली होती. ती बकेट या शब्दापाशी थांबली. तेवढ्यापर्यंत त्यांचं इंग्रजी तुफान, पुढे सगळा दुष्काळ. आणखी चार ओळी नेट लावला असता तर बफेलो लागली असती, याचं मला आजही वाईट वाटतं.

कांतानं महिनाभर घोकलं. रात्री पाठ केलेलं सकाळी साफ. शेवटी एका पहाटे ती वैतागून माझ्या पोटाखाली धार काढायला बसली आणि हाताच्या ठेक्यावर बोलायला लागली. पुढचं उजवं सड, फीवर. पुढचं डावं, पल्स. मागचं उजवं, बँडेज. मागचं डावं, ब्लड. चार सडं, चार शब्द. फिरून तेच. ठेका छान होता, मीही पान्हा सोडला. पण बँडेजपाशी ती अडखळली, हात थांबला, आणि मी पान्हा चोरला. मुद्दाम नव्हे हो; ठेका तुटला की आमचं दूध आपोआप वर जातं. पण कांतानं ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून मी तिची परीक्षक झाले.

बापूराव दारात उभा राहून पाहायचा. "काऊन वं कांते, म्हशीले इंग्रजी शिकवून राह्यली काय?"

"तिले नाई बा, मले."

"मंग दूध काऊन कमी हाय?"

"नापास झाली मी."

पुढे तिनं नवीनच सुरू केलं. शिकलेले शब्द चुन्यानं माझ्या अंगावर लिहायचे. एवढा मोठा काळा फळा कोणत्या शाळेत मिळणार? मी वर्ध्यात शिरले की पोरं पाठीमागून वाचत यायची. माझ्या पाठीवर स्टमक लिहिलेलं पाहून एका वकिलानं हरकतही घेतली. दुपारी मी डबक्यात बसले की सगळं पुसलं जाई. मग कांता काठावर बसून माझ्या कोऱ्या अंगावरचे शब्द आठवायची. जो आठवला नाही तो दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठीवर. अभ्यासासाठी डबक्यात बसणारी पंचक्रोशीत मी एकटीच असेन.

मास्तरांच्या इंदिराबाईंनी आणखी एक भर घातली. भांडं पुढे करत त्या म्हणाल्या, "अगं, नुसतं मीठ कोणी खातं का? शब्द कशात तरी घालावा." झालं! गुलाब हॅज फीवर. गुलाब हॅज बॅड स्टमक. त्या उन्हाळ्यात मला झाला नाही असा एकही रोग उरला नाही.

मुलाखतीचा दिवस उजाडला. उकाडा असा की मुलाखत व्हरांड्यातच ठेवलेली. दुधाची वेळ साधायची म्हणून बापूरावानं मलाही आणून समोरच्या कडुनिंबाला बांधलं. नर्सांच्या प्रमुख मेट्रनबाई समुद्रापलीकडच्या, गोऱ्यापान, ऐन वैशाखात लोकर विणत बसलेल्या. कोणाला थंडी वाजत होती, देव जाणे.

त्यांनी इंग्रजीत विचारलं, रोग्याला ताप चढला तर काय करशील?

कांता दोन्ही हात पदरात घट्ट धरून उभी. बाईंनी पुन्हा विचारलं. हात पदरातच. तिचं सगळं इंग्रजी माझ्या पोटाखाली राहिलं होतं, आणि मी कडुनिंबाला! मला वाटलं, संपलं. एवढी चुन्याची आग अंगावर सोसली ती फुकट. आणि खरं सांगते, मला त्या पोरीसाठी भरून आलं.

त्यात माझी धारेची वेळ उलटून गेलेली, कास तटतटलेली. मी मोठ्यानं रेकले. तो आवाज ऐकला की कांताचे हात गप्प बसत नाहीत, ही रोजची खोड. पदरातून हात सुटले, बोटं हवेत चालू लागली, आणि पाठोपाठ तोंड. फीवर, पल्स, कोल्ड वॉटर, कॉल डॉक्टर. सगळं धारेसारखं.

मेट्रनबाई पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "मुली, तुझे हात काय करीत आहेत?"

"धार काढून राह्यली बाई," कांता लाजून म्हणाली. "त्याबिगर आठवत नाई मले."

बाईंनी आपल्या हातातल्या सुयांकडे पाहिलं आणि हसत सुटल्या. "आणि मला विणल्याशिवाय मराठी आठवत नाही! एक टाका, एक शब्द."

मग त्यांनी शेवटचं विचारलं, नर्स का व्हायचंय? याचं उत्तर कोणत्याही सडात नव्हतं. कांताचे हात खाली आले. थांबत थांबत ती म्हणाली, "मदर हॅड फीवर. ऑल टॉक इंग्लिश. आय नॉट अंडरस्टँड. मदर डेड." यातले निम्मे शब्द माझ्या अंगावर कधी लिहिलेच नव्हते. बाईंनी चूक काढली नाही. सुया थांबल्या होत्या. बापूराव माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याला तेवढं इंग्रजी कळलं होतं.

कांताला जागा मिळाली. त्याला काही वर्षं झाली, आता मी आटले आहे. दुधासाठी गोठ्यात दुसरी आली. तिच्याशी बापूराव मराठीतच बोलतो. मला मात्र तो अजून बरोबर नेतो आणि त्याच कडुनिंबाखाली उभी करतो.

परवा रोहण्याची एक बाई व्हरांड्यात बसली होती, मांडीवर तापानं फणफणलेलं लेकरू. डॉक्टर कांताशी भराभर इंग्रजीत बोलून गेले आणि ती बाई कधी याच्या, कधी तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. कांता पांढऱ्या लुगड्यासकट तिच्याजवळ फरशीवर बसली. "मावशी, आयक. मुदतीचा ताप हाय. डॉक्टर म्हणते, वेळेवर आणलं. उतरते हा, पर दिवस लागतीन. रोज काय होते ते मी तुले सांगत जाईन."

बाईनं डोळे पुसले. "इतकं कुठं शिकली वं पोरी?"

कांतानं माझ्याकडे बोट केलं. "तिच्यापाशी."

बाई बिचारी खेड्यातली, भोळी. तिनं मला तिथूनच हात जोडले. तुम्हीही परकी भाषा शिकाल, तर सड धरा, सुया धरा, नाहीतर मास्तरांसारखे बकेटपर्यंत जा. मात्र शिकलात की कांतासारखं जरा खाली फरशीवर बसा. आणि त्या बाईचं म्हणाल, तर एवढ्या लोकांदेखत मला आजवर कोणी हात जोडले नव्हते. मी आपली मान खाली घालून उभी राहिले.